पंचफुलाचं बी

गावात कुणाच्याही मांडवावर लौकी, म्हणजे दुधी भोपळा, लटकलेली दिसली, की खुशाल समजावं, बी पंचफुलाचं. कृषी केंद्रात पाकिटं मिळत नाहीत अशातला भाग नाही. पण पाकिटातल्या बीची लौकी शिजता शिजत नाही अशी बायांची तक्रार, आणि पंचफुलाची म्हणजे चुलीवर चढवली की पाणी होते. उन्हाळा सरता सरता बाया तिच्या दारात यायच्या. ती आतून मडकं आणायची, राखेत घोळवलेल्या बिया मूठभर काढायची आणि पदरात टाकायची. मोल कुणी विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही. तुकडाभर कोरडवाहू वावर, पत्र्याचं घर आणि भीमगीतं गात फिरणारा नवरा. बाईजवळ मिरवायला दुसरं होतं काय? बी होतं. आणि ती मिरवायची, खोटं कशाला बोला. रस्त्यानं जाता जाता दुसऱ्याच्या मांडवाकडे हात करून म्हणायची, "माह्या बीची हाय ते, मंग काय पाह्यता!"

त्या वर्षी श्रावणातच पावसानं दडी मारली. कपाशी पात्यावर, कळ्या धरायला आलेली आणि जमीन भेगाळून राह्यलेली. पंचफुला दिवस उगवायच्या आधी हापशीवरून पाणी आणायची. घरच्यापुरतं ठेवून उरलेली अर्धी बादली आपल्या लौकीच्या वेलीच्या बुडाशी ओतायची आणि मग सुहासिनीकाकूंच्या घरी कामाला जायची. तिथून परस्पर वावरात. बाईच्या अंगाला दिवसभर घाम सोडला तर दुसरं पाणी नव्हतं.

काकूंचं घर गावाच्या तोंडाशी, स्लॅबचं. दीनानाथकाका पांढरकवड्याच्या तहसीलीतून निवृत्त होऊन गावी येऊन राहिले होते. पोरगा पुण्याला, सून मिताली सणासाठी आलेली. काकू मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांचं देवाचं कडक. ओट्यावर जे होईल ते आधी देवापुढं, मग माणसापुढं. पंचफुला कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हसून सांगितलं होतं, "चिरून दे, वाटून दे, सगळं कर. फक्त चाखू नकोस हं. उष्टं होतं."

पंचफुलानं घरी येऊन नवऱ्याला, बळीरामला, सांगितलं, "आपला हात चालते म्हन्ते तिले, जीभ नाही चालत." बळीराम भडकला होता. सोडून दे ते काम म्हणाला होता. ती म्हणाली, कामाशी काम. पण तिच्या स्वतःच्या घरात रीत उलटी होती. तिची माय लौकी असो, काकडी असो, दोडका असो, कापला की पहिली चकती जिभेला लावायची, मगच बाकीचं चिरायची. पंचफुलाही तसंच करायची. काकूंच्या ओट्यावर मात्र हात चकतीपाशी जायचा आणि माघारी यायचा.

त्या दिवशी सोमवार होता. काकू देवघरात. पंचफुलानं कुंपणाच्या जाळीवरून एक कोवळी, हिरवीगार लौकी तोडून आणली. वेल तिनंच लावलेला, तिच्याच बीचा. काकांना साखरेचा आजार. रोज सकाळी उपाशीपोटी लौकीचा रस प्यायचे. तिनं फोडी केल्या, मिक्सर फिरवला, फडक्यातून रस पिळला आणि पेला भरून बाहेर नेला.

काकांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"काय झालं, काका?"

"कडू आहे गं आज."

पंचफुला दचकली. "कडू? मंग ठेवा तो. दुसरी तोडून आनतो."

"अगं, टाकतेस कशाला? कारलं कडू, कडुनिंब कडू, मेथी कडू. साखरेचा वैरी कडूच असतो." काकांनी नाक दाबलं आणि पेला घटाघटा रिकामा केला. मिशा पुसत म्हणाले, "तांड्यावरच्या त्या तुमच्या वावराशेजारच्या भावसिंगलाही मीच सांगितलंय हे. साखर निघाली ना त्याला. रोज सकाळी पितो आता पठ्ठ्या."

कडू लौकी आमच्याकडं ढोरालेही टाकत नाही काका, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. पण माणूस शिकलेला, रोज मोबाईलवर औषधं वाचणारा. आणि ती किती कडू आहे हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "पंचफुला, ओटा पुसून घे गं." ती गेली. ओटा पुसला, पेला विसळला, चोथा टोपलीत टाकला आणि वावराची वाट धरली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बळीराम पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कपाशीच्या तासातून चालला होता. तोंडाला फडकं. पंचफुला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ड्रमातलं पाणी बादलीत काढत होती. कमरेला खोचलेला फोन वाजला. मिताली होती.

"पंचफुलाताई, तुम्ही आज हात धुऊन आला होतात ना घरी?"

"आं?"

"बाबांना उलट्या होताहेत. रक्त पडतंय. जुलाब थांबत नाहीत. आम्ही गाडीतनं यवतमाळला निघालोय. तुमच्याकडे फवारणीचं कोणतं औषध आहे, त्याचं नाव सांगा. लवकर सांगा."

"औषध? मिताली, माह्या हाताले औषध कुठून..."

"नाव सांगा ना ताई!"

आणि मागून काकूंचा आवाज आला, रडका आणि धारदार. "तिला विचार, काय घातलंस म्हणावं! सकाळपर्यंत धडधाकट होता माणूस!"

आता ह्या जिल्ह्यात फवारणीच्या दिवसात माणूस ओकला, की सगळ्यात आधी औषधाचंच नाव विचारतात. लोकांनी भोगलंय ते. पण आपल्यालाच कुणी असं विचारावं, तेही ज्यांच्या घरची भांडी घासता घासता नखं झिजली त्यांनी, हे पंचफुलाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती ढेकळावर बसली. स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहू लागली. काल सांजेला पंप तिनंच धुतला होता. साबणानं हात धुतले होते. धुतले होते ना? धुतले होते. सकाळी आंघोळ झाली होती. तरी तिनं हात नाकाशी नेऊन हुंगले.

बळीरामनं डब्यावरचं नाव वाचून सांगितलं. फोन बंद झाला. तो म्हणाला, "म्हनलो व्हतो तुले, सोड ते घर."

"चूप बसा न माय!" ती ओरडली आणि रडली.

सांजेपर्यंत गावभर झालं. पोलीस पाटील येऊन विचारपूस करून गेला. तो नीटच बोलला, पण जाताना म्हणाला, "गाव सोडून जाऊ नको." त्याच्यामागून लोक आले. नुसते दारात उभे. ज्या बायांनी तिच्याकडून ओंजळी भरून बी नेलं होतं, त्याच पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पंचफुलाला ते सोसलं नाही. गोठ्याच्या टिनावर चढलेल्या आपल्या वेलीची लौकी तिनं खाडकन तोडली, विळ्यावर दोन फाकी केल्या आणि सगळ्यांसमोर कच्ची कचाकचा खाल्ली.

"पाहा! हेच बी काकूकडं देल्लं व्हतं. एका मडक्यातलं. खाऊन पाहा तुमीही. हाय का कडू?"

एका म्हाताऱ्यानं फोड तोंडात टाकली, चावली. "गोड हाय बा," म्हणाला.

"मंग!"

"मंग म्हन्जे," गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "लौकी गोड हाय, तं काका कायनं पडले?"

पंचफुलाचा हात तसाच वर राहिला. स्वतःच्या हातानं तिनं स्वतःला खड्ड्यात ढकललं होतं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बळीरामनं तिला दंडाला धरून आत नेलं.

दिवेलागणीला परत मितालीचा फोन. आवाज बसलेला. "ताई, डॉक्टर विचारताहेत, लौकी कडू होती का? बाबा बोलण्याच्या अवस्थेत नाहीत."

"कडू हाय म्हनत व्हते काका."

"किती कडू? तुम्ही चाखली असेल ना कापताना?"

पंचफुलानं उलट विचारलं, "मिताली, तुमच्या घरात मी चाखतो का वं कधी?"

"आत्ता चाखून पाहता का कुणी?" मिताली म्हणाली. "वेलावर आणखी असतील. डॉक्टरांना कळायला हवं."

"मी पाह्यतो."

बळीरामला घेऊन ती गेली, तर काकूंच्या फाटकाला कुलूप होतं. पण कुंपणाच्या जाळीतून दोन लौक्या बाहेर रस्त्याकडे लोंबत होत्या. पंचफुलानं एक पिरगाळून तोडली. विळ्यानं चकती काढली आणि जिभेच्या टोकाला लावली.

तिला वाटलं जीभ जळाली. ते कारल्याचं कडू नव्हतं, निंबाचंही नव्हतं. घशाच्या आत जाऊन चिकटलं. ती थुंकली, परत थुंकली आणि जाळीला धरून वाकली. डोळ्यातून घळाघळा पाणी. बळीरामनं रस्त्यावरच्या हापशीखाली नेलं, चूळ भरायला लावली, तरी ते जाईना. आणि त्या माणसानं पेलाभर घेतलं होतं! नाक दाबून!

"जहर हाय, मिताली," ती फोनवर म्हणाली. "डॉक्टरले सांगा, निव्वळ जहर हाय. औषध नाही, लौकीच."

सकाळी चहाच्या वेळेला मितालीनं स्वतःहून कळवलं. रक्त थांबलं होतं, पण काका अजून आयसीयूतच. डॉक्टर म्हणाले होते, कडू लौकीच्या रसानं असं होतं, आधीही पाहिलंय. "पाण्याचा ताण पडला की वेल कधी कधी कडू निघतो म्हणाले. नाहीतर बी मिसळलं असेल, शेजारी कुठं रानटी कडू वेल असला तर. ताई, आई काल जे बोलली ते मनावर घेऊ नका."

बळीरामनं लागलीच बाहेर जाऊन चार माणसांना सांगितलं. माणसांना काय, पटलं. "ताण पडला वेलीले. उन्हाचा का कमी तडाखा हाय?" काल दारात उभ्या असलेल्या दोन बाया येऊन बसल्या, चहा प्यायल्या. एक तर म्हणाली, "मी तं काहालच म्हनत व्हती, पंचफुला असं कायले करन!" काल ती एक अक्षर बोलली नव्हती. असो.

बाया गेल्या. पंचफुला बशीतला चहा तसाच ठेवून बसली होती.

"आता काय झालं?" बळीराम म्हणाला. "सुटली ना तू?"

"ताण कुठं पडला वो तिथं?" ती म्हणाली. "काकूच्या वेलीले मी रोज पाईप लावत व्हतो. चिखल व्हायचा बुडाशी. तान तं आपल्या वेलीले हाय. अर्ध्या बादलीवर हाय ते. आन् ते गोड."

"मंग?"

"मंग बी."

बळीरामची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर त्याची एकतारी टांगलेली होती. जुनीचा भोपळा तडकला म्हणून गेल्या वर्षी उमरखेडहून त्यानं तुंब्याच्या बिया आणल्या होत्या. वाद्याला कडू भोपळ्याचाच तुंबा लागतो. कडूचं कवच टणक, किडा शिवत नाही. गोठ्यापाशीच लावला होता. एका टिनावर ह्या बाजूनं पंचफुलाची लौकी चढली, त्या बाजूनं बळीरामचा तुंबा. दोघांची पांढरी फुलं सांजेला एकत्र उमलायची आणि पाखरं ह्या फुलाची धूळ त्या फुलाला लावत फिरायची. दोघं नवराबायको खाटेवर बसून पाहायचे. तिनं बी धरलं ते त्याच टिनावरच्या लौकीचं.

"पन आपल्या वेलीची गोड हाय ना," बळीराम म्हणाला. "त्याच भोपळ्यातलं बी."

"एका भोपळ्यातलं सारं बी एकासारखं रायते काय? आपली दोन लेकरं एकासारखी हायेत?" ती उठून उभी राहिली. "एखादी गोड निंगन, एखादी जहर. आन् मी ओंजळी भरभरून वाटलं ते! इथल्या बाया तं कापल्यावर जीभ लावतीन, थुकून टाकतीन. पन भावसिंग रस पिते वो. रोज. आन् काकानं त्यालेही सांगलं असन, कडू तेच चांगलं म्हून."

"कोन भावसिंग? ज्यानं आपला धुरा खाल्ला, तो?"

ते खरं होतं. पेरणीच्या वेळी भावसिंगनं वखर धुऱ्यात घातला आणि दोन तास, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींची जागा, आपल्याकडे ओढले. बळीराम जाब विचारायला गेला, शब्दानं शब्द वाढला, नको ते बोलणं झालं. तेव्हापासून दोन्ही घरांचं तोंड बंद. बी मात्र त्याच्या आधी गेलं होतं. त्याच्या बायकोनं, हंसाबाईनं, स्वतः येऊन नेलं होतं पदर भरून.

"धुरा खाल्ला म्हून जहर पिऊ देता काय त्याले?"

"मी कुठं तसं म्हनलो? इतके दिवस पिऊन राह्यला, काही झालं नाही. मंग त्याची गोडच असन."

"आन् आज तोडन ते?"

बळीरामनं आवाज खाली आणला. "पंचफुले, आयक. काल अख्खं गाव दारात व्हतं. आत्ता कुठं गप झालं. तू उठून तांड्यावर जाशीन आन् म्हनशीन, बी माह्यंच खराब. काकाचं अजून काही खरं नाही. उद्या काही झालं तं लोक कोनाले धरतीन? आन् भावसिंग तं वाटच पाहून राह्यला. थोडं चूप बस. मी कोनाच्या हातून निरोप पोचवतो दुपारपर्यंत."

"रस सकाळी पेतेत."

तिनं चपला घातल्या. बळीराम उठला. "थांब, मीबी येतो."

"नको. तुमी दिसले तं पह्यले धुराच निंगन."

भावसिंगच्या बंजारा तांड्याकडे वावरातून वाट जाते. ती भराभर चालू लागली. चालता चालता उर्वशीला फोन लावला. लेकीलाही बी दिलं होतं, उमरखेडला. "माय, माह्या वेलाचं काय विचारतं, बकरीनं खाऊन टाकला कवाचाच," उर्वशी म्हणाली. "तुले सांगलं तं तू बोंबलशीन म्हून सांगलं नाही." पंचफुलानं त्या बकरीला शंभर आशीर्वाद दिले आणि फोन खोचला. कपाशीची पानं मांड्यांना घासत होती. कालचं कडू अजून जिभेच्या मुळाशी होतंच.

भावसिंगच्या अंगणात मांडव होता, मांडवावर लौक्या. आढ्याला तीजेची गव्हाच्या अंकुरांची टोपली टांगलेली. खाटेवर भावसिंग, उघड्या अंगानं, आणि त्याच्या हातात पेला. हिरवट पांढरा रस. पोरगी जमनी फडकं पिळत होती.

"भाऊ, पेऊ नका!"

भावसिंगनं मान वर केली. तिला पाहून त्याचे डोळे बारीक झाले. "कोन? बळीरामची बायको? कोनी बलावलं तुले?"

"कोनी नाही बलावलं. पह्यले तो पेला खाली ठेवा."

हंसाबाई चुलीपासून उठून आली, हाताला पीठ. "काय झालं? काय लावलं सकाळी सकाळी?"

पंचफुलाला दम लागला होता. तरी ती एका दमात बोलली. काकाचं सांगितलं. कुंपणावरची लौकी सांगितली. आणि मग थांबली. इथंच थांबून, वेल कडू निघून राह्यले ह्या वर्षी, सांभाळा, असं म्हणून परत फिरता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं. पण ती म्हणाली, "माह्यं बी खराब झालं. आमी गेल्या साली तुंबा लावला व्हता लौकीजवळ. तुमाले देल्लं ते बी तेच हाय. काका माह्याच बीनं पडले."

भावसिंग हसला. खदखदून नाही, नाकातून. "हंसा, समजलं का? धुऱ्यावरून काही जमलं नाही, तं आता हे. माह्या घरात येऊन मले सांगून राह्यली, काय पेऊ आन् काय नोको."

"भाऊ, हात जोडतो."

त्यानं तिच्याकडे पाहत पाहत पेला तोंडाला लावला. मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. "गोड हाय," म्हणाला. "ह्या मांडवाची हाय ते. रोज ह्याच मांडवाची पेतो. गोड, पान्यासारखी गोड. झालं समाधान?" त्यानं पेला उलटा करून दाखवला. "आता तांडाभर सांगतो का नाही पाह्य. बळीरामची बायको स्वताच येऊन कबूल झाली म्हनतो, का काका माह्यानं पडला. जमनी, तू आयकलं ना?"

जमनीनं मान खाली घातली. बळीरामचं बोलणं खरं झालं होतं, शब्द न शब्द. मांडवाची गोड होती. तिनं उगाच येऊन गळ्यात धोंडा बांधून घेतला होता. भावसिंग खाटेवरून हात हलवत म्हणाला, "जाय आता, जाय."

ती वळली. आणि वळता वळता तिला घरामागं काटेरी कुंपणावर पांढरी फुलं दिसली.

"तो कोनता वेल?"

"तोबी तुह्याच बीचा," हंसाबाई म्हणाली. "उशिरा लागला. काहालच पह्यले दोन तोडले त्याचे. त्या टोपल्यात हायेत, उद्याच्या रसाले."

"आन इकडं."

"काय करतं?"

"आन न हंसाबाई!"

हंसाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग टोपल्यातली लौकी उचलून आणली. दिसायला मांडवावरच्यासारखीच, तीच साल, तोच हिरवा. विळा पंचफुलानं स्वतः ओढून घेतला. चकती काढली. कालची जळजळ जिभेवर होतीच. हात पुढं जाईना. डोळे मिटून तिनं लावली.

ओकारीच आली. ती अंगणाच्या कडेला पळाली आणि थुंकू लागली, पदरानं जीभ पुसू लागली. भावसिंग म्हणाला, "नाटक हाय." हंसाबाईनं काही न बोलता तीच चकती उचलली आणि जिभेला टेकवली.

"ये याडी!" जमनी आईसाठी ओरडली आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावली. हंसाबाईचं तोंड सुरकुतून गेलं होतं. ती चुळा भरत होती, थुंकत होती आणि डोळे पुसत होती. शेवटी नवऱ्याकडे वळली. "ह्याचा रस पेला असता तू उद्या," ती म्हणाली. "कडू लागला तरी पेला असता. तुह्या त्या काकानं सांगलं व्हतं ना?"

भावसिंगच्या हातात रिकामा पेला होता. तो त्यानं खाटेखाली सरकवला. त्याच्या छातीवरचे केस घामानं चिकटलेले पंचफुलाला दिसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्या माणसाची कीव आली.

पण हंसाबाईला कीव बीव काही आली नाही. तिनं विळा हिसकला आणि कुंपणावरचा वेल बुडातून कापला. मग पंचफुलापुढं येऊन उभी राहिली. "माह्या हातून गेलं व बी तांड्यात! मी वाटलं! पंचफुलाचं हाय, डोळे झाकून लावा म्हनलं! त्या दिनेशच्या घरी, तिकडं टाकीपाशी, पार नाल्यापर्यंत. लोक माह्या दारात येतीन का तुह्या?"

"माह्या येतीन."

"येतीनच! मी पाठवीन त्याईले! आत्ता पाह्य मी काय करतो. घरोघरी जातो आन् तुह्यं नाव घेऊन सांगतो. पंचफुलानं जहर वाटलं म्हनतो. तुह्या हातचं बी ह्या तांड्यात काय, त्या गावातबी कोनी दारात पेरनार नाही. जलमभर!"

मडकं, राख, पदर पसरलेल्या बाया, सगळं पंचफुलाच्या डोळ्यापुढून गेलं. तिच्याजवळ दुसरं होतं काय मिरवायला? तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सांग," ती म्हणाली. "माह्यं नाव घेऊन सांग. पन आत्ता सांग, हंसाबाई. चुली पेटून राह्यल्या. तो पाह्य धूर."

तांड्यावर खरोखरच घराघरांतून धूर निघत होता. हंसाबाईनं एकदा धुराकडे पाहिलं, एकदा पंचफुलाकडे, आणि पिठाच्या हातानंच अनवाणी निघाली.

पहिल्या घरापुढं उभी राहून हंसाबाई ओरडली. शिव्या घालून ओरडली. पंचफुलानं जहर वाटलं, लौकी कापू नका, पंचफुलानं घात केला. बाया बाहेर आल्या. पंचफुला तिच्यामागं विळा घेऊन उभी होती. तिला पाहून बाया आणखी बोलल्या. एकीनं तर अंगावर हात उगारला. पंचफुलानं खालची मान वर केली नाही. वेलाचं बूड कुठं आहे तेवढं विचारलं आणि कापलं. मग दुसरं घर. मग तिसरं. कुणाची लौकी चुलीवर चढलेली होती, ती उकिरड्यावर गेली. कुणाची गोड निघाली, तरी पंचफुलानं वेल ठेवला नाही. त्याचं बी पुढल्या वर्षी कुणी धरेल म्हणून. त्यावरून वेगळ्या शिव्या बसल्या. ऊन चढत गेलं, हात वेलीचा चीक लागून चिकट झाला, त्यावर धूळ बसली. हंसाबाई ओरडतच होती.

टाकीच्या पुढं गेल्यावर हंसाबाईचा घसा बसला. तिनं तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. ती एका दगडावर बसली आणि हातानं पुढं खूण केली, अजून घरं आहेत म्हणून. नाल्याकडच्या घरांवरूनही धूर निघत होता.

पंचफुलानं पदर कमरेला खोचला आणि पुढं गेली. मोकळ्यात उभी राहून तिनं छाती भरून श्वास घेतला.

"पंचफुलाचं बी कडू निंगालं व बायाहो!" ती ओरडली. "लौकी कापू नका! कापली असन तं शिजवू नका! पंचफुलाचं बी जहर निंगालं!"

शेवटच्या घरातून एक नवी नवरी बाहेर आली, ह्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. एका हातात चिरलेल्या फोडींचं ताट. तिनं पंचफुलाला आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोन पंचफुला?" तिनं विचारलं.

"मी," पंचफुला म्हणाली, आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "वेल कुठं हाय, दाखव."